लॉर्ड रॉस, लॉर्ड ऑक्समनटाउन की विल्यम पार्सन्स?

प्रश्न असा आला आहे : दुर्बिणींच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणताना एकाच दुर्बिणीच्या संदर्भात तीन नावं भेटतात. १८४० च्या शोधनिबंधावर ‘लॉर्ड ऑक्समनटाउन’, १८४४ आणि १८५० च्या निबंधांवर ‘अर्ल ऑफ रॉस’ आणि चरित्रकोशात ‘विल्यम पार्सन्स’. ही माणसं तीन की एक? एकच असेल तर सरळ ‘लॉर्ड विल्यम पार्सन्स’ लिहिलं तर चालेल का? आणि इंग्रजी मजकुरात त्यांना ‘हेरेडिटरी पीअर’ म्हटलं आहे, त्यासाठी ‘जहागीरदार’ हा शब्द बरोबर आहे का?

माणूस एकच आहे. ‘लॉर्ड विल्यम पार्सन्स’ लिहू नये. ‘जहागीरदार’ही नको, ‘पिढीजात उमराव’ लिहावं. हे नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा त्या माणसाचं आयुष्यच पाहावं, कारण ही तीन नावं म्हणजे त्यांच्या आयुष्याचे तीन टप्पे आहेत.

१७ जून १८०० रोजी इंग्लंडमधल्या यॉर्कला त्यांचा जन्म झाला, तेव्हा ते नुसते विल्यम पार्सन्स होते. हे घराणं मूळचं इंग्रज. १६२० मध्ये आयर्लंडच्या मध्यभागी ‘बर’ या गावाची जमीन त्यांना मिळाली आणि पुढे त्या गावालाच पार्सन्सटाउन म्हणू लागले. असे इंग्लंडहून येऊन आयर्लंडमध्ये जमीनदार झालेले, प्रॉटेस्टंट पंथाचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले लोक म्हणजे अँग्लो-आयरिश. हा शब्द मराठीत तसाच ठेवावा. ‘आयरिश’ म्हटलं तर त्यांची कुळं असलेली कॅथलिक रयत डोळ्यांपुढे येते आणि ‘इंग्रज’ म्हटलं तर त्यांचं दोनशे वर्षांचं घर पुसलं जातं. विल्यमचे वडील सर लॉरेन्स पार्सन्स यांनी तर १८०० मध्ये आयर्लंडची संसद ब्रिटिश संसदेत विलीन करण्याला कडाडून विरोध केला होता.

१८०७ मध्ये लॉरेन्स यांचे काका वारले. हे काका पहिले अर्ल ऑफ रॉस. (उमरावांच्या पायऱ्या वरून खाली अशा : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन.) त्यांच्यामागे पदवी या पुतण्याकडे जावी अशी तजवीज पदवी देतानाच केलेली होती. लॉरेन्स दुसरे अर्ल झाले आणि त्याच दिवसापासून वयाची सात वर्षंही पुरी न झालेला विल्यम ‘लॉर्ड ऑक्समनटाउन’ झाला. घराण्याकडे अर्लच्या खालोखाल बॅरन ऑक्समनटाउन ही धाकटी पदवीही होती. वडील हयात असताना थोरल्या मुलाने अशी धाकटी पदवी नावापुरती लावायची, हा तिकडचा शिरस्ता. या नावाची गोष्ट गोड आहे : ऑक्समनटाउन हा डब्लिनमध्ये लिफी नदीच्या उत्तरेचा भाग. तिथे वस्ती केलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांना ‘ऑस्टमन’, म्हणजे पूर्वेकडचे लोक, म्हणत. त्या ऑस्टमनांचं गाव ते ऑक्समनटाउन.

हा ‘लॉर्ड’ कायद्याच्या नजरेत उमराव नसतो, त्यामुळे ब्रिटिश संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाचं, हाउस ऑफ कॉमन्सचं, दार त्याला बंद नसतं, आणि अनुवाद करणाऱ्याने हे फार लक्षात ठेवायला हवं. म्हणूनच विद्यार्थी असतानाच, १८२१ मध्ये, लॉर्ड ऑक्समनटाउन किंग्ज काउंटीतून हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून गेले आणि १८३४ पर्यंत तिथे बसले. (किंग्ज काउंटी म्हणजे आजची ऑफली. स्वातंत्र्यानंतर हे नाव गेलं आणि पार्सन्सटाउनही पुन्हा बर झालं.) मजकुरात ‘लॉर्ड ऑक्समनटाउन, खासदार’ असं दिसलं की नवख्या अनुवादकाला ती चूक वाटते आणि तो ‘हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य’ करून टाकतो. तसं करू नये.

१८४१ मध्ये वडील गेले आणि विल्यम तिसरे अर्ल ऑफ रॉस झाले. १८४० चा परावर्ती (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश एकवटणाऱ्या) दुर्बिणीवरचा निबंध आणि १८४४ चा मोठ्या दुर्बिणींच्या बांधणीवरचा निबंध एकाच हाताचे आहेत, मधे वडिलांचा मृत्यू आहे, एवढंच.

दोन्ही निबंधांतलं काम मात्र अखंड चाललं होतं, आणि इथे थोडं थांबल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. राजकारण सोडून या माणसाने आपली सगळी ताकद आरसे ओतण्यात घातली. काच नव्हे, धातू. तांबं आणि कथील, वजनाने साधारण दोनास एक. म्हणजे काशाचंच भावंड, पण कथील बरंच जास्त. त्यामुळे आरसा चांदीसारखा लखलखतो आणि ठिसूळही तितकाच होतो. ओतीव जरा भराभर निवलं की तडा गेलाच. भट्टीला इंधन आयर्लंडच्या दलदलीतलं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची वाळवून जाळायची माती. कारागीर गावातलेच, त्यांनी शिकवून तयार केलेले. १८४२ मध्ये सहा फूट व्यासाचा, सुमारे तीन टनांचा आरसा ओतला गेला आणि तो सोळा आठवडे हळूहळू निवू दिला. घासायला आणि चकाकी आणायला वाफेच्या इंजिनावर चालणारं यंत्र त्यांनी स्वतः रचलं. ओल्या हवेत आरसा काळवंडायचा, म्हणून दुसरा आरसाही केला, एक झिलईला गेला की दुसरा दुर्बिणीत बसवायचा. पन्नास फुटांहून लांब नळी दोन उंच दगडी भिंतींच्या मधे टांगलेली होती. त्यामुळे आकाशाची दक्षिणोत्तर पट्टीच नीट दिसे, तारा त्या पट्टीत येईपर्यंत वाट पाहायची आणि थोड्या वेळात जे दिसेल ते हाताने रेखाटायचं.

एप्रिल १८४५ मध्ये याच दुर्बिणीतून त्यांनी फ्रेंच खगोलविद मेसिये याच्या यादीतला ५१ क्रमांकाचा तेजोमेघ पाहिला आणि त्याची भोवऱ्यासारखी सर्पिल रचना कागदावर उतरवली. तेजोमेघात अशी रचना तोवर कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका आहे हे कळायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. ‘क्रॅब नेब्युला’ हे नावही त्यांच्याच एका आधीच्या चित्रावरून पडलं, त्यात त्यांना खेकड्यासारखे पाय दिसले होते. १९१७ मध्ये माउंट विल्सनवर शंभर इंची दुर्बीण उभी राहीपर्यंत बरच्या दुर्बिणीइतका मोठा आरसा जगात कुठल्याच दुर्बिणीला नव्हता. त्याच १८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला आणि महादुष्काळ सुरू झाला. मग काही काळ आकाशापेक्षा इलाख्यातल्या भुकेल्या माणसांकडे पाहणं भाग होतं. पुढे १८४८ ते १८५४ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

आता नावाकडे. ‘लॉर्ड’ हा शब्द आपल्याला पाठ्यपुस्तकांतून इतका ओळखीचा आहे की तो आपण ‘श्री.’सारखा कुणाच्याही नावामागे लावतो. पण उमरावाच्या बाबतीत ‘लॉर्ड’नंतर पदवीचं नाव येतं, आडनाव नाही. आडनाव पार्सन्स, पदवी रॉस, म्हणून लॉर्ड रॉस. ‘लॉर्ड’नंतर पाळण्यातलं नाव आलं तर अर्थ पार बदलतो. तो माणूस स्वतः उमराव नाही, ड्यूकचा किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा आहे, असा त्याचा अर्थ होतो. लॉर्ड विल्यम बेंटिंक हे उत्तम उदाहरण : ते ड्यूक ऑफ पोर्टलंडचे दुसरे चिरंजीव, म्हणून कायम ‘लॉर्ड विल्यम’. माउंटबॅटन तरुणपणी ‘लॉर्ड लुई माउंटबॅटन’ होते, मार्क्विसचे धाकटे पुत्र म्हणून. १९४६ मध्ये स्वतः व्हायकाउंट झाले आणि ‘लॉर्ड माउंटबॅटन’ झाले. आणि लॉर्ड मेयो तर आपल्या लॉर्ड रॉसचे अगदी जोडीदार : अँग्लो-आयरिश, आडनाव बर्क, वडील असेपर्यंत ‘लॉर्ड नेस’ म्हणून कॉमन्समध्ये, नंतर सहावे अर्ल ऑफ मेयो, पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय, आणि १८७२ मध्ये अंदमानात खून. इतिहासाच्या मराठी पुस्तकांत ‘लॉर्ड रिचर्ड मेयो’ असं काही छापलेलं दिसलं तर तेही असंच दुरुस्त करावं.

आयरिश उमरावीचा आणखी एक पेच आहे. विलीनीकरणानंतर आयर्लंडच्या सगळ्या उमरावांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा नव्हती. त्यांनी आपल्यातून अठ्ठावीस प्रतिनिधी तहहयात निवडायचे, असं ठरलं. तिसरे अर्ल ऑफ रॉस १८४५ मध्ये असे निवडून गेले. म्हणजे १८४१ ते १८४५ ते पूर्ण उमराव होते, पण लॉर्ड्समध्ये नव्हते. प्रतिनिधी नसलेला आयरिश उमराव आयर्लंडबाहेरच्या मतदारसंघातून कॉमन्सची निवडणूक लढवू शके. पंतप्रधान पामरस्टन तसेच आयरिश व्हायकाउंट होते. लॉर्ड कर्झन यांना १८९८ मध्ये मुद्दाम आयरिश बॅरन केलं, हिंदुस्थानातून परतल्यावर कॉमन्सची वाट मोकळी राहावी म्हणून. आणि याच कारणाने या पदव्या इंग्रजी पदव्यांच्या पंगतीत खालच्या मानल्या जात. श्रीरंगपट्टण पडल्यावर वेलस्लींना बक्षीस म्हणून आयरिश मार्क्विस केलं, तेव्हा ते इतके दुखावले की या मानाला त्यांनी दुहेरी मुलाम्याचा बटाटा म्हटलं. स्वतः अँग्लो-आयरिश घराण्यातला माणूस हे म्हणतो, यातच सगळं आलं.

तेव्हा ‘पीअर’ला ‘लॉर्ड्स सभागृहाचा सदस्य’ हा पर्याय या माणसासाठी चुकीचा ठरतो. ‘जहागीरदार’ही जुळत नाही, कारण जहागीर म्हणजे उत्पन्न नेमून दिलेला मुलूख, आणि तिथे पदवीचा जमिनीशी संबंध कायद्याने राहिलेला नव्हता. जमीन विकली तरी अर्ल हा अर्लच. ‘सरंजामदार’मध्ये फौजेची चाकरी येते. ‘वतनदार’ मात्र मोह पाडतो, कारण वतन पिढीजात असतं. पण वतनात भाऊबंदांच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडतात आणि इंग्रजी उमरावी फुटतच नाही, ती सगळीच्या सगळी एका थोरल्या पुरुष वारसाकडे जाते. उरतो ‘उमराव’. मूळ अरबी, ‘अमीर’चं अनेकवचन, मराठीने एकवचनी करून घेतलेलं. त्यात दर्जा आहे, जमिनीचा करार नाही, आणि ‘उमरावांचं सभागृह’ हा प्रयोग रूढही आहे. पुढे ‘पिढीजात’ लावायचं, कारण १९५८ पासून ब्रिटनमध्ये हयातीपुरते उमरावही सर्रास होऊ लागले. आपल्याकडच्या माणसाचं उदाहरण हवं तर सत्येंद्र प्रसन्न सिन्हा : १९१९ मध्ये पिढीजात बॅरन झालेले ते एकमेव भारतीय.

‘सर’ हे वेगळं प्रकरण आहे. सर पदवी बहुधा रावबहादूरसारखी त्या माणसापुरतीच, तिला मराठीत ‘किताब’ म्हणावं. पण बॅरोनेट असेल तर ‘सर’ही वारशाने जातं. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांचा किताब तसा आहे, त्यांचे वारस तर पदवीबरोबर नावही तेच धारण करतात. बॅरोनेट पिढीजात असला तरी उमराव नव्हे. लॉरेन्स पार्सन्स अर्ल होण्याआधी ‘सर’ होते ते याच नात्याने.

घरातल्या बाकीच्यांची नावंही तुमच्या मजकुरात येतीलच. थोरला मुलगा लॉरेन्स आधी लॉर्ड ऑक्समनटाउन, १८६७ नंतर चौथा अर्ल. चंद्राची उष्णता मोजणारा लॉर्ड रॉस तो हा, त्यामुळे ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ हे शब्द गाळू नयेत, नाहीतर बापलेकांची कामं एकमेकांच्या खात्यावर पडतात. सर्वांत धाकटा चार्ल्स, वाफेचं टर्बाइन करणारा. त्याला ‘लॉर्ड’ कधीच लागत नाही. तो चार्ल्स पार्सन्स, आणि १९११ पासून स्वतःच्या कर्तबगारीने सर चार्ल्स.

पत्नी मेरी यांना मात्र ‘लेडी मेरी’ लिहू नका, तसं अर्लच्या मुलीला म्हणतात. त्या लेडी रॉस, किंवा पूर्ण लिहायचं तर काउंटेस ऑफ रॉस मेरी पार्सन्स. यॉर्कशरच्या श्रीमंत घरातून आलेल्या या बाईंच्या पैशावर दुर्बिणीचा मोठा भार होता, लोहारकाम त्यांना येत होतं आणि छायाचित्रणात त्या इतक्या पुढे होत्या की आयर्लंडच्या छायाचित्रण संस्थेचं पहिलं रौप्यपदक १८५९ मध्ये त्यांना मिळालं. छायाचित्रं धुण्याची त्यांची काळोखी खोली (डार्करूम) बरच्या किल्ल्यात आजही जपून ठेवलेली आहे. तळटीप द्यायला जागा असेल तर ती त्यांना द्या.

मजकुरात पहिल्यांदा ‘तिसरे अर्ल ऑफ रॉस, विल्यम पार्सन्स’ असं पूर्ण लिहा, पुढे ‘लॉर्ड रॉस’ पुरे. १८४१ पूर्वीच्या घटना सांगताना ‘लॉर्ड ऑक्समनटाउन (पुढे लॉर्ड रॉस)’. सूचीत मुख्य नोंद ‘र’खाली करा आणि ‘प’ व ‘ऑ’खाली ‘रॉस पाहा’ एवढं द्या.