आन्जिरोने झेवियरला फसवलं नव्हतं

तुमचा प्रश्न: 'सेंट फ्रान्सिस झेवियर जपानमध्ये ख्रिस्ताऐवजी बौद्ध देवतेचाच प्रचार करत होता म्हणे. दुभाष्याने त्याला फसवलं का? आणि तिथले बौद्ध लोक ख्रिस्ती झाले ते कशामुळे?'

उत्तर लिहायला बसलो ते 'फसवलं' या शब्दामुळे. काहीही चुकलं की दुभाष्याच्या माथी मारायचं, ही सवय चारशे वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणून आधी तेच निस्तरतो.

तो दुभाष्या म्हणजे आन्जिरो, जपानमधल्या कागोशिमाचा. हातून खून झाला म्हणून पोर्तुगीज जहाजावर चढून पळालेला. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्काला झेवियरची गाठ पडली, तिथून तो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात आला आणि मे १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वर्षभरात पोर्तुगीज शिकला, माणूस हुशारच. पण बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत, आणि ती त्याला येत नव्हती. सामान्य युरोपीय माणसाला जशी लॅटिन, तशी त्याला ती पोथी. हे गोव्यातल्या जेझुइटांना (झेवियरच्याच संघाच्या पाद्र्यांना) ठाऊक होतं, त्यांनी तसं लिहूनही ठेवलंय. म्हणजे त्याने काही लपवलं नाही. यांनीच एका गृहस्थाला विचारून अख्ख्या देशाच्या धर्माचा शब्दकोश करायला घेतला.

१५ ऑगस्ट १५४९ ला झेवियर कागोशिमाला उतरला. कामाची पद्धत अशी: झेवियर पोर्तुगीजमध्ये सांगणार, आन्जिरो जपानीत घालणार, ते रोमन लिपीत उतरवून घ्यायचं आणि रस्त्यावर मोठ्याने वाचायचं. वाचणाऱ्याला अर्थ अर्धामुर्धा कळतोय. ऐकणारा हसला तर का हसला ते कळायची सोय नाही.

आता शब्द बघा. देव म्हणजे 'दाइनिचि'. स्वर्ग म्हणजे 'जोदो', नरक 'जिगोकु', देवदूत 'तेन्निन', देवाचा नियम 'बुप्पो'. यातला प्रत्येक शब्द बौद्धांचा. 'बुप्पो' म्हणजे तर सरळ बुद्धधर्म. 'जोदो' ही अमिताभ बुद्धाची शुद्धभूमी, नामस्मरणाने मिळणारी. आणि 'दाइनिचि' म्हणजे आपला महावैरोचन, जपानमधल्या शिंगोन या बौद्ध पंथाचा मुख्य बुद्ध.

चूक नेमकी कुठे झाली ते मराठी वाचकाला जपान्यांपेक्षा लवकर कळेल. शिंगोन भिक्षू आजही एका अक्षरावर ध्यान करतात. कमळावर चंद्रबिंब, त्यात सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतला 'अ'. तोच आपला अ. हे महावैरोचनाचं बीजाक्षर. अर्थ काय, तर 'अनुत्पाद': मुळात काही उत्पन्न झालेलंच नाही. आणि झेवियर चौकात उभा राहून सांगतोय की या दाइनिचीने जग शून्यातून निर्माण केलं! ज्याच्या बीजाक्षराचा अर्थच 'निर्मिती नाही', त्याच्याच नावावर निर्माता बसवला. 'सर्वांत वरचा कोण' एवढंच विचारलं की असं उत्तर मिळतं. 'तो काय करतो' हे विचारायचं राहून गेलं.

यामागुची या जपानी शहरात १५५१ मध्ये गोष्ट उघडी पडली. शिंगोन भिक्षू खूश: तुमचं आमचं एकच, शब्द तेवढे वेगळे. झेवियरला शंका आली. त्याने उलट विचारलं, तुमचा दाइनिचि त्रिमूर्त आहे का, त्यातला दुसरा माणूस होऊन क्रुसावर मेला का? भिक्षूंना ते स्वप्नातल्यासारखं वाटलं, काही जण हसले. लगेच झेवियरने आपला सोबती हुआन फर्नांदिस याला रस्त्यावर पाठवलं: दाइनिचीला भजू नका! कालपर्यंत भजा म्हणत होते तेच. ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल ते सोडा.

मग देवासाठी लॅटिन 'देउस' आहे तसाच ठेवला. विरोधकांनी त्याचं 'दाइ उसो' केलं, म्हणजे मोठी थाप. तरीही माझ्या मते निर्णय बरोबर होता. १५५५ मध्ये बाल्थझार गागो या जेझुइटाने मोजदाद केली तर असे घातक शब्द पन्नासाच्या वर निघाले. मग आनिमा (आत्मा), कुरुसु (क्रूस), इन्फेरुनो (नरक), पाराइसो (स्वर्ग) असे परके शब्द आले. परका शब्द कानाला खटकतो, पण 'हे तुझ्याकडे आधीपासून आहे' अशी खोटी साक्ष देत नाही. 'प्रत्येक शब्दाला अस्सल देशी प्रतिशब्द हवाच' म्हणून भांडणाऱ्या मंडळींना मी ही पन्नास शब्दांची गोष्ट नेहमी ऐकवतो. मराठी ख्रिस्ती माणूससुद्धा देव, स्वर्ग, पाप म्हणतो, पण 'बाप्तिस्मा' तसाच ठेवतो.

यावर कुणीतरी फादर स्टीफन्सचं नाव काढणारच. गोव्यात लिहिलेल्या त्यांच्या मराठी ख्रिस्तपुराणात (१६१६) परमेश्वर आहे, वैकुंठही आहे, आणि ते चाललं. चाललं, कारण गोव्याच्या साष्टीतली देवळं १५६७ मध्येच पाडून झाली होती आणि वाचणारे आधीच ख्रिस्ती झालेले होते. 'वैकुंठ आमचं' म्हणत वाद घालायला समोर आचार्य नव्हता. यामागुचीत भिक्षू समोर होते आणि सत्ताही त्यांच्या ओळखीची होती. १५५२ मध्ये तिथला सत्ताधीश ओउची योशिनागा याने जेझुइटांना दाइदोजी या मठाची जागा दिली, त्या सनदेत लिहिलंय की पश्चिमेकडून आलेल्या या भिक्षूंना बुद्धधर्माच्या प्रसारासाठी परवानगी. 'देउस' सुरू झाल्यानंतरची ही सनद! एकदा चुकीचा शब्द गेला की परत बोलावता येत नाही. त्यात हे आलेले गोव्याहून, म्हणजे जपान्यांच्या भाषेत तेन्जिकुहून, बुद्धाच्याच देशातून. लोकांनी दुसरं काय समजावं?

धर्मांतराचं थोडक्यात. कागोशिमात वर्षभरात शंभरेक, यामागुचीत दोन महिन्यांत पाचशेच्या आसपास. फक्त गैरसमजातून झाले असते तर दाइनिचि गेल्यावर तेही गेले असते. यामागुचीतली भर मुख्यतः वादविवादातून पडली, आणि बौद्ध पंथांची आतली माहिती मिशनऱ्यांना या नव्या लोकांनीच पुरवली. लोरेन्सो हे त्यातलं मोठं नाव: जवळजवळ आंधळा, बिवा हे तंतुवाद्य वाजवून कथा सांगणारा, १५५१ चा बाप्तिस्मा. पुढे क्योतोच्या बाजूचे विद्वान आणि सरदार त्याच्या बोलण्याने वळले. त्यांच्याशी कुठल्या शब्दात बोलायचं ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

अडलं ते पूर्वजांपाशी. मेलेले आईवडील नरकात असतील तर दान-प्रार्थनेने सुटतील का, असं लोक विचारत. बौद्ध विधींत मेलेल्यांसाठी काही ना काही करता येतं. झेवियर म्हणे, उपाय नाही. लोक रडत. २९ जानेवारी १५५२ च्या पत्रात त्याने स्वतःच हे लिहिलंय, वाईटही वाटतं म्हणतो. प्रचारात नेमकी हीच शिकवण भाषांतरात अजिबात बिघडली नव्हती.

आणखी एक, माझ्याच मुद्द्याच्या विरुद्ध जाणारं. बौद्ध धर्म नीट समजून घेतलेला मिशनरी बघायचा तर इप्पोलितो देसिदेरी हा जेझुइट. तोही गोव्यावरूनच गेला, १७१६ मध्ये ल्हासाला पोचला, सेरा मठात शिकला, शून्यता आणि पुनर्जन्मावर तिबेटी भाषेत खंडन लिहिलं. आन्जिरोसारखा मधला माणूस नाही, पन्नास चुकीचे शब्द नाहीत. आणि नाव घेण्यासारखं धर्मांतर एकही नाही. तो मुलूख रोमने कापुचिन या दुसऱ्या ख्रिस्ती संघाला दिलेला होता, म्हणून १७२१ मध्ये त्याला ल्हासा सोडावं लागलं.