सायकल-शंका : आधी टायर ठरवा, मग वजन

प्रश्न : माझे वय ४६ वर्षे असून वजन ७२ किलो आहे. रविवारी सकाळी उज्जैनपर्यंत जाऊन येणे आणि जमेल तेव्हा ओंकारेश्वर किंवा मांडू गाठणे, एवढेच माझे सायकलिंग. आता सुटे भाग आणून डिस्क ब्रेकची रोड सायकल जुळवून घ्यायची आहे. वजन आठ किलोंच्या आत बसलेच पाहिजे, त्यासाठी कार्बनची फ्रेम, २५ मिलिमीटरचे टायर आणि हलकी सीट घ्यावी, असा मित्रमंडळींचा आग्रह आहे. परंतु चार तास झाले की माझी मनगटे आणि कंबर कुरकुर करू लागतात. वजन आणि आराम यांचा मेळ कसा घालावा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : रोटर (चाकाच्या मध्याशी बसणारी, ब्रेक जिला चिमटतो ती धातूची चकती), थ्रू-ॲक्सल (चाक घट्ट धरणारा आरपार दांडा) आणि ब्रेकचा ताण सोसण्यासाठी भक्कम केलेला फोर्क (पुढचे चाक धरणारा दुफाटा) यांमुळे डिस्क ब्रेकची सायकल तशाच दर्जाच्या रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीपेक्षा साधारण तीनशे ते पाचशे ग्रॅमने जड भरते. त्याच्या मोबदल्यात पावसाळ्यात खात्रीचा ब्रेक मिळतो, हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या लाभाकडे मात्र दुर्लक्ष होते. टायरला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा रिम ब्रेकचा कॅलिपर (चिमटा) नाहीसा झाल्यामुळे ३० किंवा ३२ मिलिमीटरचा टायर बसण्याइतकी जागा मोकळी होते. वजनाची किंमत मोजून ही जागा मिळवायची आणि पुन्हा तेथे २५ मिलिमीटरचाच टायर चढवायचा, हा व्यवहार मला आतबट्ट्याचा वाटतो.

चांगल्या प्रतीच्या २५ आणि ३२ मिलिमीटरच्या टायरांत प्रत्येकी साठ-सत्तर ग्रॅमचा फरक असतो. ट्यूबची वाढ धरली तरी जोडीमागे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम होतात. आता हवेचे पाहा. आपल्या वजनाला २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० ते ८५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा लागेल, तर ३२ मिलिमीटरच्या टायरचे पुढे ५२ ते ५५ आणि मागे ५५ ते ६० पीएसआयवर भागेल. माळव्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे वरून गुळगुळीत दिसणारे डांबरही लाटांसारखे उठते आणि कडेने भेगाळते. अशा रस्त्यावर कडक टायर उसळतो, आणि त्या उसळण्यात आपण पायडलवर घातलेली ताकद शरीराच्या थरथरीतच जिरते. मऊ टायर ते हादरे स्वतःत पचवतो. म्हणून रुंद टायर घेतल्याने वेग कमी होईल ही भीती अशा रस्त्यांपुरती तरी अनाठायी आहे.

उरला चढ. सिमरोलपुढचा भेरूघाट परतीच्या वाटेवर चढताना प्रत्येक जादा ग्रॅम जाणवतो असे म्हटले जाते, म्हणून हिशेबच करू. एक किलो जादा वजन अडीचशे मीटर उंच नेण्यासाठी सुमारे २४५० ज्यूल ऊर्जा लागते. आपण सलग १८० वॉट लावत असाल, तर एवढ्या चढावर एका अख्ख्या किलोपायी सुमारे १४ सेकंद जास्त जातील. टायरांच्या दीडशे ग्रॅमपायी जेमतेम दोन सेकंद. चाकाचे वजन दुप्पट मोजावे, असा एक समज आहे. तो वेग वाढवतानापुरता खरा आहे. एका चालीने चढताना रिमवरचा ग्रॅम आणि बाटलीतला ग्रॅम सारखाच. (आणि बाटलीचे म्हणाल, तर ७५० मिलिलिटरच्या भरलेल्या दोन बाटल्या दीड किलोच्या पुढे जातात. वैशाखात त्या कमी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.) शर्यतीच्या सायकलींसाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २००० सालापासून किमान ६.८ किलोंची मर्यादा ठेवली आहे. आठ किलोंचा आकडा मात्र कोणत्याही नियमातून आलेला नाही, तो गप्पांमधला आहे.

फ्रेमविषयी माझे मत असे की कार्बनचा खर्च आपल्याला टाळता येईल. फ्रेमचे त्रिकोण उभ्या दिशेने फारच थोडे लवतात; लवचिकपणा येतो तो मुख्यतः टायरमधून आणि त्यानंतर सीटपोस्ट (सीटची दांडी) व सीट यांमधून. म्हणून ३२ मिलिमीटरचा टायर मावणारी ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क आणि २७.२ मिलिमीटर व्यासाचा, शक्य तितका बाहेर राहणारा कार्बनचा सीटपोस्ट, अशी जुळणी करावी. मधल्या दर्जाचे इतर भाग धरून सायकल नऊ किलोंच्या आसपास भरेल. टायर मावतो की नाही हे कागदावरच्या आकड्यावरून ठरवू नये. आतून २१ मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर २८ मिलिमीटरचा टायर बहुधा २९-३० मिलिमीटरपर्यंत पसरतो. हवा भरून प्रत्यक्ष माप घ्यावे आणि दोन्ही बाजूंना किमान चार मिलिमीटर जागा राहील असे पाहावे, नाहीतर पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल फोर्कमध्ये घट्ट बसतो.

मनगट आणि कंबर यांची तक्रार सगळी टायरवर ढकलता येणार नाही, त्यात बैठकीचाही वाटा असतो. फोर्कची वरची नळी दुकानात पहिल्याच दिवशी कापून घेऊ नये. दोन-तीन सेंटिमीटरचे स्पेसर (हँडलखालच्या कड्या) ठेवून काही आठवडे चालवावे, हँडल खालीवर करून पाहावे आणि मगच नळी कापावी. ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण आखूड झालेली नळी लांब करता येत नाही. सीट वजनावरून निवडूच नये. तिची रुंदी आपल्या बैठकीच्या हाडांना जुळली पाहिजे.

वजन कमी करण्याची हौस रोटरवर तर मुळीच करू नये. भेरूघाट उतरताना ब्रेक वारंवार लागतो आणि पातळ, जाळीदार रोटर ती उष्णता सामावून घेऊ शकत नाही. पुढे १६० मिलिमीटरचा रोटर हवाच. मागे १४० चालेल, परंतु सामान लादून जात असाल तर तेथेही १६० घ्यावा.

प्रश्न : वजन वाचवण्यासाठी ट्यूबलेस घ्यावे की टीपीयूच्या पातळ ट्यूब?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नुसते वजन पाहायचे तर टीपीयू, म्हणजे पातळ प्लॅस्टिकची ट्यूब. साधी ब्यूटिलची (रबराची) ट्यूब शंभर ग्रॅमच्या पुढे असते, तर टीपीयूची चाळीसच्या आसपास. रिम ब्रेकच्या घर्षणाने रिम तापते म्हणून तेथे या ट्यूब जपून वापराव्या लागतात. डिस्क ब्रेकमध्ये उष्णता रोटरवर राहत असल्याने ती अडचण येत नाही. ट्यूबलेसमध्ये (ट्यूबविना टायरमध्ये) प्रत्येक टायरमागे तीस ते चाळीस मिलिलिटर सीलंट (छिद्रे बुजवणारा द्रव) घालावे लागते, म्हणजे वजनाचा नफा जवळजवळ बुडतो. खरा फायदा बारीक काटे-काचांपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते, तेव्हा दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून तपासणी करावी. हुकलेस रिम (आतल्या कडेला टायर अडकवणारी वळणे नसलेली) घेणार असाल तर त्यात फक्त मान्यता असलेला ट्यूबलेस टायरच चढवावा आणि हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर कधीही नेऊ नये.

प्रश्न : तारेचे डिस्क ब्रेक स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे आहेत. हायड्रॉलिकवर (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकवर) जादा खर्च करणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, महू

उत्तर : वजनात फारसा फरक पडत नाही, फरक बोटांना जाणवतो. लांब उतारावर तारेच्या ब्रेकला जो जोर लागतो, तो हायड्रॉलिकमध्ये एका बोटाने मिळतो आणि पॅड झिजतील तसे ते आपोआप जवळ येतात. तारेच्या बहुतेक ब्रेकमध्ये ते हाताने स्क्रू फिरवून जवळ घ्यावे लागतात. आपला मुक्काम लहान गावी असेल आणि दुरुस्ती स्वतःच करायची असेल, तर तारेचा ब्रेक न दबणाऱ्या आवरणाच्या केबलसह घ्यावा. तो वाईट नाही. अन्यथा मी हायड्रॉलिकच सुचवेन. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. शिमानो कंपनीच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागते आणि स्रॅम कंपनीच्या बहुतेक रोड ब्रेकमध्ये डॉट द्रव (मोटारींच्या ब्रेकमध्ये असतो तो). एकाच्या जागी दुसरे घातल्यास आतील सील खराब होतात. रेल्वेने किंवा बसने सायकल नेताना चाके काढली, तर पॅडांच्या मधे प्लॅस्टिकची पट्टी बसवावी, कारण रोटर नसताना लीव्हर दाबला गेल्यास पिस्टन (पॅड ढकलणारे दट्टे) बाहेर येतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर चाक बसत नाही.