ख्रिस्ती माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहतो तो श्रद्धेपोटी, की मनात धर्मांतर असतं म्हणून?

‘शक्यतो ख्रिस्ती व्यक्तीनेच सांगावं’ असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून लिहितो. मी वसईचा कॅथलिक, वाडीत वाढलेला.

1989च्या आसपास मी शाळेत होतो. नालासोपारा-विरारकडे इमारती भराभर उठत होत्या, त्यांना नळाचं पाणी नव्हतं, आणि आमच्या गावांतल्या विहिरींवर रात्रंदिवस टँकर भरले जात होते. विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागलं, केळी करपू लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं केलं ते याच काळात. फादरना धमक्या आल्या, तरी मोर्चे निघत राहिले. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. (हेच फादर 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झालाच.)

आता घरातलं सांगतो. माझे सख्खे काका टँकरला पाणी द्यायचे. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, त्यांनी कधी चुकवली नाही, आणि त्यांचं समर्थनही बायबलमधूनच यायचं. मत्तयच्या 25व्या अध्यायात ख्रिस्त सांगतो, तान्हेल्याला पाणी पाजलंत ते मलाच पाजलंत. मग इमारतींतल्या लोकांची तहान मी भागवतो, त्यात वाईट काय? काकी मात्र मोर्चाला गेली. तिचं म्हणणं, तुम्ही पाणी पाजलंत कुठे, विकलंत. आणि त्या इमारतीतल्या बाईला पाण्यासाठी पैसे का मोजावे लागतात, सरकारचा नळ तिच्या दारी का येत नाही, हे कोण विचारणार? काकी चौथी शिकलेली. दया आणि न्याय यांतला फरक मला पहिल्यांदा कळला तो त्या भांडणात.

म्हणजे श्रद्धेने माणूस आपोआप न्यायाच्या बाजूला जातो, असं मी म्हणणार नाही. तिच्यामुळे काही जणांना स्वस्थ बसवत नाही, एवढं मात्र पाहिलंय.

धर्मांतराचं म्हणाल, तर पंडिता रमाबाईंकडे बघा. त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी फुलहॅमला सिस्टरांचं काम पाहिलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत होते. हे लोक असं का वागतात, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानच्या शुभवर्तमानातली, तुच्छ मानल्या गेलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकांच्या शिक्षणासाठी त्या त्याच्या आधीपासून झगडत होत्या. शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली ती 1882 साली. पुढे चर्चच्या अधिकाऱ्यांचंही त्यांनी निमूटपणे ऐकलं नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत अडकायचं नाही, ही त्यांची भूमिका होती.

तुमची शंका त्यांच्यावरही घेतली गेली, आणि ती अगदीच हवेतली नव्हती. रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 साली रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. मला स्वतःला हा प्रश्न अवघड वाटतो. ज्या श्रद्धेने तुम्हाला कामाला लावलं ती आश्रयाला आलेल्या मुलीपासून लपवायची कशी, आणि न लपवता तिच्यावर दडपण येऊ द्यायचं नाही ते कसं? पण 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्या मुलींना न्यायला तेव्हा दुसरं कुणी रांग लावून उभं नव्हतं, हेही हिशोबात धरा.

आणि आमचंच घर तपासायचं तर, तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्तींची दफनभूमी आजही वेगळी आहे. वसईत ख्रिस्तींमध्येही लग्न जुळवताना समोरचा कुपारी, वाडवळ की कोळी समाजातला हे पाहिलं जातंच. दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातीचा दर्जा नाही तो 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे, त्याविरुद्ध आम्ही मोर्चे काढतो. पण वेगळ्या कबरींसाठी दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही.

काकांचं राहिलं. त्यांनी टँकर बंद केला, पण कुठल्या प्रवचनाने नव्हे. विहीरच खारट झाली, तिचं पाणी कुणी घेईना. काकी मात्र समितीच्या सभांना त्यानंतरही जात राहिली, आणि काका तिला सायकलवरून सोडायला जायचे.