वाचकांचे प्रश्न : कमी पाण्यातली अंगणबाग

प्रश्न : घरासमोर सुमारे 400 चौरस फुटांचे लॉन चार वर्षांपूर्वी लावले. नळाला आठ दिवसांनी पाणी येते आणि मार्चअखेर बोअर आटतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात टँकर घ्यावा लागतो. लॉन न काढता पाणी वाचवता येईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : तेवढे लॉन तसेच ठेवून फारसे पाणी वाचणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपले लॉन सुमारे 37 चौरस मीटरचे आहे. उन्हाळ्यात ते हिरवे राहावे म्हणून रोज निदान 5 मिलिमीटर पाणी धरले तरी 185 लिटर होतात, म्हणजे दररोज जवळजवळ एक ड्रम, आणि त्यात वाऱ्याने उडणारे व पाइपातून वाया जाणारे पाणी धरलेलेच नाही. ज्या शहरासाठी 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात हा खर्च आपल्यालाही मनातून पटत नसावा, म्हणूनच आपण पत्र लिहिले असेल.

माझ्या मते मे महिन्यातही बाग हिरवीगार दिसलीच पाहिजे हा हट्ट सोडावा. आपल्याकडची हरळी उन्हाळ्यात वाळून पिवळी पडते, परंतु तिच्या काशा, म्हणजे जमिनीतली आडवी खोडे, जिवंत राहतात आणि पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा फुटते. बसण्या-उठण्यापुरता 60-70 चौरस फुटांचा तुकडा हरळीचा ठेवावा आणि उरलेल्या जागेची पाण्याच्या गरजेनुसार वाटणी करावी. तुळस, कढीपत्ता, गवती चहा अशी नित्य पाणी लागणारी झाडे स्वयंपाकघराच्या दाराजवळ एकत्र असावीत, म्हणजे भाज्या व तांदूळ धुतलेले पाणी हातासरशी तेथे पडते. मधल्या भागात तगर, सदाफुली, गोकर्ण. आणि कुंपणाकडे बोगनवेल, पांढरा चाफा, कोरफड, सीताफळ अशी झाडे लावावीत, जी पहिली दोन वर्षे जपली की पुढे फारशी मागणी करीत नाहीत. कण्हेरही काटक आहे, पण ती विषारी असल्याने लहान मुले किंवा गुरे असलेल्या घरी टाळावी. पश्चिमेला एखादा कडुनिंब किंवा शेवगा असेल तर दुपारचे ऊन अडते आणि खालच्या झाडांचे पाणी आपोआप कमी लागते. मोकळ्या जागी सिमेंटचा कोबा मात्र करू नये. मुरूम पसरावा किंवा सांधे मोकळे ठेवून फरशी बसवावी, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच मुरेल.

आपल्याकडे खरा प्रश्न काळ्या मातीच्या भेगांचा आहे. वरून पाणी दिले तरी भेगेतून ते झाडाला चुकवून खाली जाते आणि त्याच भेगेतून खोलवरची ओल उडून जाते. एक कोळपणी (पिकातली वरची माती हलवून मोकळी करणे) म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात, ते अंगणालाही लागू आहे. आठ-दहा दिवसांनी खुरप्याने आळ्याची वरची माती मोकळी करून भेगा बुजवाव्यात आणि वर तीन-चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. सोयाबीनची गुळी, उसाचे पाचट, वाळलेला पाला, जे गावात फुकट मिळेल ते चालते. फक्त ते खोडाला टेकू देऊ नये, नाही तर साल कुजते व वाळवी लागते. पाणी देण्यापूर्वी वीतभर खोलीवरची चिमूटभर माती काढून वळून पाहावी. तिची गोळी होत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. पुष्कळ झाडे तहानेने नव्हे, तर रोजच्या थोड्याथोड्या पाण्याने खराब होतात, कारण मुळे वरच राहतात आणि टँकर चुकला की झाड मान टाकते.

लिंबू, डाळिंब यांच्यासाठी मडके उत्तम. पाच-सात लिटरचे, रंग किंवा लुकण (चकचकीत लेप) नसलेले मडके खोडापासून हातभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि डास होऊ नयेत म्हणून वर झाकण ठेवावे. पुरण्याआधी ते एक रात्र भरून ठेवावे. सकाळी बाहेरून ओलसर लागले नाही, तर ते मडके पाझरणार नाही.

प्रश्न : वॉशिंग मशिनचे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालावे का? – एक वाचक भगिनी, जालना

उत्तर : साबणाच्या पहिल्या पाण्यात सोडियमचे क्षार असतात आणि निचरा कमी असलेल्या काळ्या मातीत ते साचून माती चोपण होते, मग वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरतच नाही. शेवटच्या खळबळीचे पाणी त्याच दिवशी, केळी किंवा शोभेच्या झाडांना, आलटून पालटून साध्या पाण्याबरोबर द्यावे; पालेभाजीला देऊ नये. शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात, आणि बोअरचे पाणी आधीच जड असते. यंत्रातून वाया जाणारे पाणी फरशी पुसायला व संडासात वापरावे, कुंडीत मुळीच नको.

प्रश्न : रोपे केव्हा लावावीत? – एक वाचक, बीड

उत्तर : खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत, पण रोप जमीन चांगली भिजल्यावर, बहुधा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावावे. मृगाच्या एका सरीवर विसंबून लावलेली रोपे पुढच्या उघडिपीत हातची जातात. मोठ्या रोपाचा मोह नको. हात-दीड हात उंचीचे रोप मुळे लवकर धरते.