रावेरकडे केळीच्या बागेत वापरायला हजार-दीड हजारात घडीचा चाकू कोणता घ्यावा?

भाऊ, ब्रँड नंतर बघा, आधी पोलाद बघा. केळीच्या चिकाने साधं कार्बन पोलाद काळं पडतं आणि पावसाळ्यात पुसायचं राहिलं की गंजतं. त्यामुळे बागेसाठी स्टेनलेसच घ्या. पात्यावर किंवा खोक्यावर पोलादाचं नाव छापलेलं हवं. ४२० नावाचं स्टेनलेस सहसा गंजत नाही, पण धार लवकर जाते. ८सीआर१३एमओव्ही (8Cr13MoV) किंवा १२सी२७ (12C27) ही स्टेनलेसं असतील तर या पैशात उत्तम: धार टिकते आणि साध्या दगडावर पुन्हा लागते. डी२ (D2) या पोलादाची धार आणखी टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही आणि घासायला हात दुखतात. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच लिहिलेला चाकू मी तरी घेत नाही.

दुसरं, खटका, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवणारा लॉक. चाकू उघडून पातं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. पातं सैल, डगमगतं वाटलं तर ठेवून द्या. सुतळी किंवा ठिबकची नळी कापताना पातं मिटलं तर बोटावरच येतं. या एका गोष्टीत पैसे वाचवू नका, कळकळीने सांगतो.

पातं सात-आठ सेंटिमीटर पुरे. घड उतरवायला कोयताच लागतो, ते काम घडीच्या चाकूचं नाही. लाकडी मूठ दिसते छान, पण भिजली की फुगते आणि चाकू उघडायला जड जातो. काम झालं की चीक लगेच पुसा, सांध्यात अधूनमधून एक थेंब मशीनचं तेल सोडा.