घाट उतरताना पिळत राहा

यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स १०० घेतलीस, छान केलंस. पण आधी रंगाचं बघू नकोस, ऑइलचं बघ. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनला वंगण मिळतं ते टूटी ऑइलचंच (पेट्रोलबरोबर जळणारं 2T ऑइल), आणि त्याच्या पंपाची केबल ॲक्सिलरेटरला जोडलेली असते. म्हणून साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरवर ठेवलीस, तर इंजिन जोरात फिरतं आणि ऑइल जेमतेम पोचतं. मधूनमधून हलकी पीळ देत जा. माझा पिस्टन असाच जाम झाला, अजून हळहळ वाटते.

१५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण लागतं, दर ५ वर्षांनी. गाडीवरचा चासी नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघ. आणि मूळ कार्बोरेटर कितीही कुरकुरला तरी टाकू नकोस, साफ करून घे.