वाचकांचे प्रश्न : पंपाचे तेल गाळून पुन्हा वापरावे का?

प्रश्न : अन्न गोठवून सुकवण्याच्या यंत्राला जोडलेल्या आमच्या निर्वात पंपाचे तेल थोड्याच दिवसांत दुधाळ होते. कॉफीच्या गाळणकागदातून गाळले, तर काळे कण गेले; परंतु दुधाळपणा राहिला आणि पंपही पूर्वीइतका दाब उतरवीत नाही. घरीच चांगली गाळणी कशी करावी?

उत्तर : आपली गाळणी चुकलेली नाही, क्रम चुकला आहे. दुधाळपणा हा कणांचा नसून तेलात मिसळलेल्या पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो, आणि हे थेंब कागदाच्या छिद्रांतून तेलाबरोबरच सहज पार होतात. तेलात पाणी उरले, की त्याची वाफ होत राहते. साध्या २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, सुमारे १७.५ मिलिमीटर पारा इतका असतो आणि चांगल्या रोटरी पंपाने (आपल्यासारख्या, तेलावर चालणाऱ्या फिरत्या निर्वात पंपाने) तर १ मिलिमीटरच्याही खूप खाली जाणे अपेक्षित असते; ही वाफच त्याला तिथवर उतरू देत नाही.

म्हणून आधी पाणी काढावे. पंप गरम असतानाच तेल उंच, पारदर्शक बरणीत ओतून, झाकण लावून दोन-तीन दिवस न हलवता ठेवावे. पाणी जड असल्याने तळाशी बसते. वरचे तेल नळीने अलगद उतरवून घ्यावे आणि तळातले दोन बोटे तेल, मोह झाला तरी, घेऊ नये. तेल आचेवर तापवून पाणी उडवण्याचा सल्ला काही जण देतात, पण तळाचे पाणी एकदम वाफ होऊन उकळते तेल अंगावर उडू शकते, त्यामुळे मी तो देणार नाही.

मग गाळणी. नरसाळ्याच्या नळीत शोषक कापूस घट्ट दाबून बसवावा आणि त्याखाली, म्हणजे शेवटी, गाळणकागद ठेवावा, कारण कापसाचे तंतू पंपात गेले तर उपायच अपाय ठरेल. कापूस आणि कागद उरलेला थोडा ओलावाही शोषतात, मात्र आधी कोरडे असतील तरच. तेल आपल्या वजनाने थेंब थेंब उतरू द्यावे. एक लिटरला रात्र लागली तरी घाई करू नये.

पंपाला गॅस बॅलास्टची झडप (पंपात थोडी हवा आत सोडणारी झडप) असेल, तर गाळलेले तेल भरल्यावर ती उघडून पंप अर्धा तास रिकामा चालवावा. राहिलेला ओलावा त्या हवेबरोबर बाहेर पडतो. दाब तरीही उतरत नसेल आणि तेल गडद तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर ते ऑक्सिडीकरणाने बिघडले आहे आणि कोणतीही गाळणी त्याला सुधारू शकत नाही. रासायनिक द्रावकांची किंवा आम्लांची वाफ ओढलेल्या पंपाचे तेल तर गाळण्याच्या फंदातच पडू नये. असे तेल मोरीत न ओतता, वापरलेले तेल गोळा करणाऱ्यांकडे बंद डब्यात द्यावे.